पहिलं माप लाभाचं

प्रश्नावलीत चोवीस प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी. फार समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, फार असमाधानी. पहिला प्रश्न असा होता: 'बालकाच्या सर्वांगीण विकासाच्या दृष्टीने बालवाडीचा प्रस्तुत अभ्यासक्रम आपणांस कितपत समाधानकारक वाटतो?' हा प्रश्न मी विश्रामबागेतल्या माझ्या घरमालकिणीला वाचून दाखवला. त्या मॅट्रिक झालेल्या होत्या. त्यांनी तो दोनदा ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे पोर तिथं रडतं का, एवढंच ना?" माझ्या मते त्यांनी प्रश्न सुधारला होता. पण प्रश्न सुधारायचा अधिकार मलाही नव्हता आणि त्यांनाही नव्हता.

तो अधिकार आमच्या संचालकांचा. सत्तरच्या दशकाच्या मधली वर्षं होती. दुष्काळ मागे पडला होता. खडी फोडायला जाणाऱ्या बायकांची मुलं सांभाळायला म्हणून गावोगाव बालवाड्या निघाल्या होत्या. दुष्काळ संपला तरी त्या बंद पडल्या नाहीत. एखादी गोष्ट आपोआप चालू राहिली की तिच्यावर देखरेख करायला कोणीतरी लागतंच, आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या काही बालवाड्यांची ती देखरेख आमच्या सांगलीच्या संस्थेकडे आली. संचालक भला माणूस होता, पण भाषण करायची सवय अंगात मुरलेली. शिपायाकडे पाणी मागतानासुद्धा ते 'आपण सर्वांनी मिळून' अशी सुरुवात करतील की काय, असं वाटायचं. त्यांनी एक अभ्यासक्रम लिहिला होता. त्याची गुळगुळीत कागदावर पुस्तिका निघाली होती आणि तिच्याबरोबर प्रत्येक बालवाडीला लाकडी ठोकळ्यांची एक पेटी गेली होती. आता हा अभ्यासक्रम पालकांना कसा वाटतो ते मोजायचं होतं.

मी मूळची साताऱ्याची, मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. संख्याशास्त्राचा एक पेपर मी दिला होता आणि तो पुन्हा द्यावा लागला नव्हता, एवढ्या भांडवलावर मला ही नोकरी मिळाली होती. जत तालुक्यातलं एक गाव माझ्या वाट्याला आलं. निघण्याआधी संचालकांनी मला बोलावून खरं काम सांगितलं. जिथे पालक असमाधानी निघतील तिथल्या अप्रशिक्षित बाईला जूनपासून कमी करून प्रशिक्षित बाई नेमायची.

"आणि जिथे समाधानी निघतील तिथे, सर?"

"तिथे अभ्यासक्रम यशस्वी झाला असं म्हणता येईल."

म्हणजे समाधान अभ्यासक्रमाच्या नावावर आणि असमाधान बाईंच्या. इतकी सोयीची वाटणी मी भाऊबंदकीतसुद्धा पाहिली नव्हती. पण तेव्हा मी प्रश्नावल्यांचा गठ्ठा उचलला. नोकरी लागून चारच महिने झाले होते.

गावातली निम्मी घरं मराठी बोलणारी आणि निम्मी कन्नड. बालवाडी चावडीमागच्या एका खोलीत भरायची. तिथल्या बाई सातवी पास, तिशीतल्या, नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी परत आलेल्या. ही बालवाडी हेच त्यांचं काम आणि हीच त्यांची गावातली जागा. ती गेली असती तर भावाच्या दारात कोणाची तरी आत्या म्हणून भाकरी थापत बसायचं, एवढंच उरलं असतं. जूनचं त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. सांगलीच्या कचेरीत शिंक आली तरी तालुक्याला पडसं होतं.

ठोकळ्यांची पेटी कपाटावर होती. तिला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ. पेटीबरोबर यादी आली होती आणि यादीखाली लिहिलं होतं, की एकही नग हरवल्यास शिक्षिका जबाबदार. बाईंनी त्यावर सोपा उपाय केला होता. त्यांनी पेटी उघडलीच नव्हती. तपासनिसाच्या शेऱ्यात 'साहित्य सुस्थितीत' असं दोनदा आलं होतं.

"आन पुस्तिकेतली गाणी?" मी विचारलं. गावात चार तास झाले होते आणि माझ्या तोंडात 'आन' आला होता.

"म्हनतो की. पर त्यात समुद्र हाय, नाव हाय, नारळाचं झाड हाय. पोरं इचारत्यात समुद्र म्हंजी काय. म्या सांगितलं, लय मोठा ट्यांकर. तर म्हनत्यात, मग कवा येतो?"

बाई पोरांना दोन्ही भाषांत बोलायच्या. एक वाक्य मराठीत, लगेच तेच कन्नडमध्ये, आणि मधूनच गोष्ट एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपायची. पोरं दोन्हीकडे हसायची. मेंढरं रानात निघायच्या वेळी सगळ्यांना दारात बसवून मेंढरं मोजायला लावायच्या. पुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर प्रश्नावली घेऊन फिरले. पहिलंच घर चावडीला लागून. घरातली बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, नवरा लष्करात, धाकटी मुलगी बालवाडीत. जवारीचा मळा, सासू, चार शेळ्या असं सगळं एकटी हाकायची आणि बोलायचीही तशीच. मी प्रश्न वाचला.

"चांगलं हाय," ती म्हणाली.

"फार चांगलं की नुसतं चांगलं?"

"तुमाला कंचं पायजे?"

"मला काही नको. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"आवं ताई, आमाला वाटून काय उपेग? लय चांगलं हाय. ल्हिवा."

चोवीस प्रश्नांना चोवीस वेळा 'लय चांगलं'. पुढच्या घरातही तेच. त्याच्या पुढच्या घरात कन्नडमध्ये तेच, घरच्या शाळकरी पोरानं मराठी करून सांगितलेलं. सातव्या घरात मी एक प्रश्न मनानं घुसवला. बालवाडीत मुलांना पोहायला शिकवतात, त्याबद्दल आपण कितपत समाधानी आहात? त्या गावात उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा आणि प्यायचं पाणी टँकरनं यायचं.

"लय चांगलं शिकिवत्यात," त्या घरची आजी म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गावाचं आधीच ठरलं आहे. सांगलीहून कोणीतरी विचारायला आलं आहे, काही वाईट बोललं तर बाई जाणार, म्हणून सगळ्यांनी सगळं चांगलं म्हणायचं. त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता, फक्त त्यात एक खोट होती. त्यांच्या 'लय चांगलं'मुळे बाई वाचत नव्हत्या. त्यामुळे पुस्तिका वाचत होती. आणि पुस्तिका यशस्वी ठरली की ती नीट शिकवायला प्रशिक्षित बाई पाहिजे, हे संचालकांचं पुढचं वाक्य मला पाठ होतं.

मी परत चावडीशेजारच्या घरी गेले आणि लष्करातल्याच्या बायकोला हे सरळ सांगितलं. ती ओसरीवर शेजारणीला जवारी मापून देत होती. हात थांबला नाही.

"म्हंजी चांगलं म्हनलं तरी मरान, आन वाईट म्हनलं तरी मरान."

"खरं सांगितलं तर निदान खरं तरी लिहिलं जाईल."

"खरं कसं सांगायचं? तुमच्या त्या पाच डब्यांत?"

तिच्या हातात चिपटं होतं. धान्य मापायचं हे लहानसं माप तिथे घरोघरी असायचं. सरकारनं किलो आणून बरीच वर्षं झाली होती, पण त्याला अजून कोणी घरात घेतलं नव्हतं. ती शेजारणीला मापून घालत होती ते मी पाहत राहिले. काही मापं काठाशी सपाट, काहींवर जवारीचा डोंगर. या डोंगराला तिथे शीग म्हणतात. किती शीग घालायची हे ती तोंडानं सांगत नव्हती. हाताला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "डबे राहू द्या. मी विचारते, तुम्ही चिपटं भरा. जेवढं चांगलं तेवढी जवारी."

शेजारीण हसायला लागली. "आगं, ही ताई बाईला जवारीनं तोलायला आली."

पण त्यांना हे पटलं. मी पहिला प्रश्न विचारला, अभ्यासक्रमाचा. तिनं चिपटं शिगोशीग भरलं. मग विचारलं, समुद्राची गाणी? एक चिमूट. ठोकळ्यांची पेटी? तिनं चिपटं पालथं घातलं आणि तळावर टिचकी मारली. बाई दोन्ही भाषांत बोलतात ते? शीग. दुपारपर्यंत पोरं सांभाळतात ते? शीग, इतकी की दाणे ओसरीवर सांडले आणि कोंबड्या आल्या. खायला मिळणारी सुकडी? निम्मं. "किडं निघत्यात. चाळून देत्यात म्हनून निम्मं, न्हाईतर पालथंच." पालथं, चिमूट, निम्मं, काठोकाठ, शीग. मोजली तर हीसुद्धा पाचच होतात. संचालकांनी एवढी पुस्तकं वाचून जे आणलं होतं ते या ओसरीवर आधीच होतं.

दहा घरं मी अशी केली. पेन्सिल सुसाट चालली होती आणि मी स्वतःवर खूश होते. मग संध्याकाळी कागद मांडून बसले तेव्हा एक गोष्ट खटकली. पेटीला पालथं, गाण्यांना चिमूट, आणि सगळ्या अभ्यासक्रमाला मात्र दहाच्या दहा घरांत शीग. भाग नावडते आणि सगळं मिळून आवडतं, असं सासरच्या बाबतीतही होत नाही.

सकाळी मी लष्करातल्याच्या बायकोलाच विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की संख्याशास्त्राचा पेपर मला पुन्हा द्यावासा वाटला.

"आवं, पयलं माप लाभाचं. त्याला कवा कुनी हात आखडता घेतंय का? मापताना एक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात. मग दोन, तीन. तुमी पयलं काय बी इचारलं आसतं तर भरूनच दिलं आसतं."

मापताना पहिल्याला लाभ म्हणायचं, हे साताऱ्यालाही होतंच. लहानपणी मी शंभरदा ऐकलं होतं. ती दहा उत्तरं अभ्यासक्रमाला नव्हती, मापाला होती. उरलेल्या घरांत मी पहिला प्रश्न पावसाला दिला. यंदा पाऊस कसा होईल असं वाटतं? सगळ्यांनी शीग भरली, पावसानं पुढे काय केलं तो भाग वेगळा. अभ्यासक्रमाचा प्रश्न मी मधे नेला. तिथे त्याला चिमूट मिळू लागली, आणि दोन-तीन घरांत 'त्ये काय आसतंय?' असा उलटा प्रश्न.

माप खरं असलं की ते आवडत्या माणसालाही सोडत नाही. बाजाराच्या दिवशी बालवाडी बंद असते, याबद्दल बहुतेक घरांनी चिपटं पालथं घातलं. त्याही दिवशी बहुतेक आयांना शेतातून हलता येत नसे. एका बापानं सांगितलं, बाई पोरांवर हात उगारतात. मी हे सगळं वहीत उतरवलं आणि निघायच्या आदल्या दिवशी बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"आन ह्ये ल्हिनार तुमी?"

"लिहिणार."

"ल्हिवा. खोटं न्हाई. बाजाराला मीच जाते, दुसरं कोन जानार? हात बी उगारते. उगारते, मारत न्हाई." मग त्या म्हणाल्या, "पर त्ये शिगंचं बी ल्हिवा. त्येच्याच जोरावर मी हितं हाय."

लष्करातल्याच्या बायकोनं यस्टीपर्यंत येताना विचारलं, "बाई ऱ्हातील का?"

"ते माझ्या हातात नाही."

"मग तुमच्या हातात हाय काय?"

"कागद."

"मग त्यो तरी धड ल्हिवा," ती म्हणाली.

सांगलीला आल्यावर मी आठ दिवस बसून तक्ता केला. संचालकांनी चष्मा वर-खाली करून तो पाहिला. प्रकाशनाला पाहुणे यायचे होते, सभागृह ठरलं होतं, अहवालाच्या मुखपृष्ठावर पेटीशी खेळणाऱ्या मुलांचं छायाचित्र आलं होतं. ती मुलं विश्रामबागेतली होती. पेटी संस्थेच्याच कपाटातली.

"धान्याचं माप? हे शास्त्रीय कसं?"

"प्रत्येक घरात तेच माप वापरलं, सर. तुमच्या चौकटींपेक्षा उत्तरं जास्त वेगवेगळी आली."

"पण या पहिल्या दहा घरांत अभ्यासक्रमाला पूर्ण पसंती दिसते."

"ती लाभाची आहे, सर. पाहुण्याला पाणी देतात तशी. पुढच्या घरांत पहिला प्रश्न पावसाचा होता, तर पावसाला तेवढीच पसंती आहे."

"पावसाचा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नव्हता."

"पोहण्याचाही नव्हता. त्यालासुद्धा लय चांगलं आलं."

ते खुर्चीत मागे टेकले आणि सभेतला आवाज काढला. पहिल्या दहा घरांचे आकडे घ्यायचे, बाकीची घरं पद्धत बदलल्यामुळे बाद. बाजारच्या दिवसाचं मात्र राहू द्यायचं, 'अप्रशिक्षित शिक्षिकेची अनियमितता' या मथळ्याखाली. तक्त्याखाली माझी सही लागेल.

"मी सही करणार नाही, सर."

"संस्थेचं काम आहे हे. तुमचं वैयक्तिक मत कोणी विचारलेलं नाही."

"माझं नाहीच आहे. त्या बायकांचं विचारलं होतं. ते तुम्ही बाद करताय."

"कोणीतरी दुसरं सही करेल."

"करू दे. गावात न जाता सही करणं सोपंच पडेल."

त्यांनी हात पुढे केला. "ती वही इकडे द्या."

"वही मी बाजारातून माझी घेतली होती. संस्थेनं मला पेन्सिल दिली होती." मी पेन्सिल टेबलावर ठेवली. तिला टोक राहिलं नव्हतं, याचं मला थोडं वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले नाही, आणि तिसऱ्या दिवशी 'आपल्या सेवेची आवश्यकता नाही' असं पत्र घरी आलं. घरमालकीण म्हणाली, "म्हणजे काढलं, एवढंच ना?"

अहवाल सभागृहात वाचला गेला, टाळ्या पडल्या असं ऐकलं. जूनमध्ये कचेरीतल्या टंकलेखिकेनं रस्त्यात गाठून सांगितलं, की गावागावांचे आदेश टंकून झाले, दोन दिवसांत जीप निघणार. मी वही घेतली आणि जतची गाडी धरली.

गावात पोचल्यावर मी एकच करू शकत होते. बालवाडीच्या दारात बायका गोळा झाल्या आणि मी वही पहिल्या पानापासून वाचली, त्यांचीच उत्तरं त्यांना. कोणाचं नाव न घेता. पण गाव लहान, प्रत्येक उत्तराला कोणीतरी 'ह्ये हिचं' म्हणून ओळखत होतं. सुकडीवरून दोघी भांडल्या. हात उगारण्यावर एका बाईनं सांगितलं, "माजं कार्टं हाय, त्याला मी बी उगारते." बाजाराचा दिवस आला तेव्हा मात्र बाई पदर चाळवत बसल्या. शेवटी लष्करातल्याच्या बायकोनं तोंड उघडलं.

"बाईचा बाजार मी आनीन. माझा तर आनतेच. पर दार उघडं पायजे."

"आन मिरच्या वाळक्या निघाल्या तर?" बाईंनी विचारलं.

"तर माजं बी बालवाडीत नाव घाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. उतरलेला पर्यवेक्षक घामेजलेला, तरुण आणि बिचारा होता. त्याला पाच गावं उरकायची होती. त्यानं आदेश काढला आणि मोठ्यानं वाचला. कार्यमुक्त, तत्काळ, पेटी किल्लीसह ताब्यात द्यावी.

"ह्ये का म्हनं?" लष्करातल्याच्या बायकोनं विचारलं.

"पालकांचं मत घेतलं होतं. त्यावरून ठरलं."

"म्हंजी आमचं. मग दावा की आमी काय म्हनलो त्ये."

त्यानं अहवाल उघडला. "अभ्यासक्रमाबद्दल आपण फार समाधानी आहात, असं इथे आहे."

"फार समाधानी मानसं बाई कशाला बदलत्यात, सायब? आमाला येड लागलंय व्हय?"

मागून कोणीतरी कन्नडमध्ये काहीतरी म्हणालं आणि सगळा घोळका हसला. पर्यवेक्षकाला ते कळलं नाही. त्यानं बाईंकडे पाहिलं, भाषांतरासाठी. बाईंनी केलं नाही.

"हे बघा, माझ्या हातात काही नाही," तो म्हणाला. हेच वाक्य मी यस्टीच्या रस्त्यावर म्हटलं होतं आणि मला त्याची दया आली. "सांगलीहून नवीन बाई सोमवारी येतील."

"येऊ द्या. तिला कानडी येतं का?"

"नसेल येत."

"मग ती पेटीत बसंल. पोरं आमी हिच्या दारात आननार. तुमी हजेरी कुनाची मांडनार? ठोकळ्यांची?"

पटावर मुलं नसली तर बालवाडी दाखवता येत नाही आणि बालवाडी नसली तर अनुदान येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं घाम पुसला. निदान आदेश मिळाल्याची पोच तरी द्या, म्हणजे मी सुटलो, असं म्हणून त्यानं कागद बाईंपुढे धरला आणि खिशातून शाईची डबी काढली, अंगठ्यासाठी.

बाईंनी डबीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"म्या सातवी हाय. सही येती मला," त्या म्हणाल्या. "करनार न्हाई."

पाच गावं उरकायची असलेला माणूस फार वेळ उन्हात उभा राहत नाही. पोच न घेताच जीप वळली. पोचेविना आदेश लागू धरायचा की नाही, यावर सांगलीत बराच पत्रव्यवहार झाला म्हणे, आणि तो चालू असेतो त्या जागेवर दुसरं कोणी आलं नाही.

धूळ खाली बसायच्या आतच बाई आत गेल्या आणि त्यांनी पोरांना ओळीत बसवलं. लष्करातल्याच्या बायकोनं मुलीला उंबऱ्याच्या आत ढकललं आणि आवाज चढवला.

"आन बाई, बाजाराच्या दिवशी ह्ये दार बंद दिसलं तर ती जीप म्या स्वता बोलवीन, ध्यानात ठेवा."

"आधी मिरच्या तरी आना," बाई आतून म्हणाल्या.